वाच बरं परत

हात मोडला तो काही पराक्रम करताना नाही. बाथरूममध्ये साबणाचं पाणी सांडलेलं, पाय सटकला, आणि पडताना माणूस जे करतं तेच केलं, उजवा हात पुढे टेकवला. मनगटाजवळ हाड गेलं. कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. डॉक्टर म्हणाले, मॅडम पन्नाशीनंतर बायकांचं हे हाड असंच जातं, आमच्याकडे सारख्या येतात. जणू बाकीच्या पण येतात म्हटल्यावर माझं दुखायचं थांबणार होतं.

स्वयंपाक यांनी आणि पोळ्यावाल्या मावशींनी वाटून घेतला, वेणी शेजारची मुलगी घालून द्यायची, अडलं ते फोनपाशी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आजकाल निम्मी शाळा फोनमध्येच भरते, पोषण आहाराची माहिती पाठवा, यू-डायसची माहिती पाठवा, तातडीने पाठवा, अतितातडीने पाठवा. आणि रजेवर असलं तरी वर्गाची माहिती आपल्याच डोक्यात असते ना. डाव्या अंगठ्याने 'कळवते' लिहायला घेतलं तर ळ सापडेपर्यंत समोरच्याचे चार मेसेज येऊन पडायचे, आणि मी आपली कळ दाबत बसलेली, दोन्ही अर्थांनी.

पोरगा हिंजवडीला असतो. व्हिडिओ कॉलवर माझी ती धडपड बघून म्हणाला, आई, अगं लिहितेस कशाला, बोल ना नुसतं. आणि लांबूनच, हे दाब ते दाब करत त्याने मला दोन पद्धती शिकवल्या. एक म्हणजे कीबोर्डवरचा माईक दाबायचा आणि बोलायचं, ते नुसतं लिहीत जातं. दुसरी म्हणजे फोनमधल्या बाईला हाक मारायची, 'दादाला मेसेज पाठव' म्हणायचं, ती विचारते काय पाठवू, आपण सांगायचं, मग ती सगळं वाचून दाखवते आणि विचारते पाठवू का बदलू. मला दुसरी आवडली. का आवडली ते पुढे सांगते, आधी फजित्या सांगते, त्याशिवाय पोट हलकं व्हायचं नाही.

पहिल्याच दिवशी मी ताईला सांगितलं, दीर येणारेत रविवारी, नणंद पण येतीय. मेसेज गेला, 'धीर येणार आहेत रविवारी आनंद पण येतोय'. ताईचा उलट मेसेज, 'अरे वा, असंच मन खंबीर ठेव'. मुख्याध्यापकांना पाठवलं, 'सर वैद्यकीय रजेचा अर्ज यांच्याबरोबर पाठवते अहो कुकर बंद करा तीन झाल्या'. सरांनी फक्त नमस्काराचे हात पाठवले.

पण सगळ्यात वाईट झालं ते विरामचिन्हांचं. मी शिक्षिका पडले, मला स्वल्पविरामाशिवाय चैन पडत नाही. पोरगा म्हणाला इंग्रजीत 'कॉमा' म्हटलं की कॉमा येतो, मग मला वाटलं मराठीत पण येत असेल. आमच्या इथले एक जुने गुरुजी त्याच आठवड्यात गेले, त्यांच्या मुलाला मेसेज करायचा होता. मी खालच्या आवाजात, अगदी मनापासून बोलले. माझ्या फोनने जसंच्या तसं लिहिलं, 'गुरुजी गेल्याचं कळलं पूर्णविराम'. मी न बघता पाठवलं. आता यात चूक काय आहे सांगा? शब्दाने बघायला गेलं तर काहीच नाही. पण त्या घरी सुतकात हा मेसेज कुणीतरी वाचला असेल आणि म्हणाला असेल, बाई शिकवता शिकवता जरा सरकलेली दिसते.

कौतुकाचं पण सांगायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. 'चार' आणि 'चारा'. चारमधला च वेगळा, चाऱ्यातला च वेगळा, लिहायचा मात्र एकच, आणि कुठे कुठला म्हणायचा याचा धड नियम मी ३० वर्षांत एकाही पोराला सांगू शकलेले नाही, 'ऐकून ऐकून येतं रे' एवढंच म्हणत आले. तर हिला ऐकून ऐकून येतं. 'म्हशीला चार पेंढ्या चारा टाकला' म्हणून बघितलं, एकदम बरोबर लिहिलं. तेव्हा मात्र मी मान डोलावली, वर्गात हुशार पोरगं उभं राहिल्यावर डोलावते तशी.

आणि आपल्या भाषेला फोनमध्ये जागा मिळायला किती वर्षं गेली तेही आठवतं ना. साध्या फोनवर एसेमेस होते तेव्हा इंग्रजीतून लिहिलं तर एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसायची, आणि देवनागरीत फक्त ७०, ते पण काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं सुटं सुटं मोजून. 'स्वातंत्र्य' एवढा एक शब्द लिहिला की ११ जागा खलास. म्हणून आपण सगळे इंग्रजी अक्षरात मराठी लिहायला लागलो आणि त्यात ळ गेला, ण गेला, 'काळ'चं 'काल' झालं. गूगलच्या आवाजी टायपिंगमध्ये मराठी आली २०१७ च्या ऑगस्टमध्ये, बोलून काम सांगायची सोय त्याच्या पुढच्या वर्षी. (माझ्या फोनमधली बाई कुठल्या कंपनीची ते सोडा, सगळ्याच बहिणी-बहिणी.)

तर मुद्दा. ती वाचून दाखवते. आपण सांगितलेलं आपल्यालाच परत, एका सुरात, कुठे न थांबता, कुठे न वाढता. पहिल्यांदा तिने असं वाचून दाखवलं ना तेव्हा मला एकदम घोंगडीचा वास आला. खरंच सांगते. घोंगडी, शेण सारवलेली ओटी, आणि रॉकेलच्या चिमणीची काजळी.

कारण हे काम मी केलेलं आहे. मी स्वतः ती बाई होते.

आमचं गाव पाटण तालुक्यात, आत. घराआड एक माणूस मुंबईला, बहुतेक गिरणीत. आमच्या शेजारच्या काकींचे मालक लालबागला राहायचे, गिरणीत साचे खात्यात. काकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मनिऑर्डर आली की पोस्टमनच्या शाईच्या डबीत अंगठा बुडवायच्या, फॉर्मवर उठवायच्या, आणि मग तो अंगठा दिवसभर लुगड्याला पुसत राहायच्या, जाईना म्हणून. मनिऑर्डरच्या खालच्या पट्टीवर मालकांनी दोन ओळी लिहिलेल्या असायच्या, त्या मी वाचून दाखवायची. आणि उत्तर पण मीच लिहायची. १५ पैशांचं पोस्टकार्ड. मी चौथी-पाचवीत.

आता मला पत्राचे मायने माहीत होते ते शाळेत शिकवलेले तेवढेच, आणि शाळेत शिकवलेलं वडिलांना पत्र. त्यामुळे काकींचं नवऱ्याला जाणारं प्रत्येक पत्र 'तीर्थरूप' ने सुरू व्हायचं, 'शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष' ने पुढे जायचं आणि 'आपली आज्ञाधारक' ने संपायचं. तिकडे लालबागच्या गावकीच्या खोलीत तो माणूस बायकोचं ते पत्र वाचून काय म्हणत असेल देव जाणे. कधी बोलला नाही बिचारा.

काकी सांगायच्या, "लिव्ह, म्हस याली, रेडी झालीया." मी लिहायची, 'म्हैस व्याली असून तिला रेडी झाली आहे.' काकी म्हणायच्या, "कवा येतासा म्हणाव." मी, 'आपण कधी येणार आहात ते कळवावे.' त्यांचं 'लय' मी 'फार' करायची, 'न्हाई' चं 'नाही', आणि मला वाटायचं मी काकींचं भलं करतीय, त्यांना शहाणं करतीय कागदावर. मग त्या म्हणायच्या, "वाच बरं परत." मी वाचायची, खाडखाड, शाळेत धडा वाचतात तसं. त्या हात गुडघ्यावर ठेवून ऐकायच्या. ऐकून झालं की थोड्या वेळाने म्हणायच्या, "हां. आसंच." पण त्या आवाजावरून आत्ता कळतंय की ते 'आसंच' नव्हतंच. त्या आपलं पत्र ऐकत नव्हत्या, माझं ऐकत होत्या.

आत्ता कळतंय कारण आता माझं तेच होतंय. मी भावाला 'बघते रे जमलं तर' म्हणते, त्यातला 'रे' किती लांबवला त्यावर सगळं असतं, बघणार की टाळणार ते त्यात असतं. ती बाई वाचते, 'बघते रे जमलं तर', सरळ, पट्टीने ओढल्यासारखं. आणि माझं मलाच परकं वाटतं. माहेरचं एखादं बोलले तर त्याचं पण तेच. एकदा गंमत म्हणून काकींसारखं बोलून बघितलं, "आमास्नी नगं." तिने लिहिलं 'आम्हाला नग'. नग म्हणजे डझनात १२ असतात तो. मी हसले आणि मग हसायचं राहिलंच, कारण ही तर मी, दोन वेण्यांची, चिमणीपाशी बसलेली.

थांबण्याचं पण तसंच आहे. ही बाई आपण थांबलो की लगेच समजते, संपलं. विचार करायला दोन सेकंद घेतले की टुंग वाजून बंद. गणपतीने व्यासांना अट घातली होती ना, की लेखणी थांबता कामा नये, तुम्ही सलग सांगणार असाल तर लिहितो. आणि व्यासांनी उलट घातली होती, की अर्थ कळल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. फोनवाल्यांनी गणपतीची अट उचलली, व्यासांची तिथेच ठेवली. मग हळूहळू मला सवय लागली न थांबता बोलायची. श्वास भरून घ्यायचा आणि मेसेज संपेपर्यंत सोडायचा नाही, पाण्यात बुडी मारतात तसं.

पोस्टकार्डावर काकी किती थांबायच्या. एकेका ओळीला. चिमणीकडे बघत बसायच्या, मी पेनचं टोपण चावत बसायची, मधेच त्या "काय म्हनत हुते मी" विचारायच्या. आणि मला कळायचं कुठलं लिहायचं आणि कुठलं नाही. "मेलं ते मांजार आलं वाटतं दुधाला" हे लिहायचं नाही हे पाचवीतल्या पोरीला सांगावं लागत नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांचं नाव आमच्या गावात तेव्हा पोराटोरांना पाठ. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर, मनिऑर्डरी थांबल्या, कितीतरी जण वळकट्या घेऊन गावाला परत आले, शेतावर लागले. काकींचे मालक आले नाहीत. मिटेल आठवड्यात, मिटेल शिमग्याला, असं कळवत राहिले. तो संप शेवटपर्यंत कुणी मिटला असं जाहीर केलंच नाही हे आता सगळ्यांना माहितीय, पण तेव्हा मिटणारच होता.

उन्हाळ्यातलं एक पत्र मला नीट आठवतं. काकींनी नेहमीचं सांगितलं, पोरं बरी आहेत, थोरला पास झाला. मग म्हणाल्या, "वाणी उधारी द्यायचा बंद झालाय. म्हस इकली. पोरास्नी येकदाच जेवाय घालतीया, रातचं पानी पिऊन निजत्यात." सगळं सांगितलं, सावकाश, माझं पेन मागे पडू नये अशा बेताने, एकेक शब्द सुटा. आणि मग म्हणाल्या, "त्ये नगं लिव्हू. त्यास्नी घोर लागंल."

मी नाही लिहिलं. मी आज्ञाधारक होते. शिवाय पोस्टकार्ड, पोस्टमन वाचणार, लालबागच्या खोलीतले वीस जण वाचणार, हे मलाही कळत होतं. पत्राच्या खाली तीन बोटं जागा कोरी राहिली, बरं दिसेना म्हणून मी तिथे एक फुलांची वेल काढली, निळ्या शाईने. काकी म्हणाल्या, "वाच बरं परत." मी वाचलं. त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग पत्र हातात घेऊन त्या वेलीवर अंगठा फिरवत राहिल्या. तेव्हा मला वाटलं वेल आवडली.

लिहू नको म्हणायचंच होतं तर एवढं सावकाश का सांगितलं त्यांनी? हा प्रश्न मला पडायला ४० वर्षं लागली आणि एक हाड मोडावं लागलं.

असो. दादाचं सांगते.

वडील गेले त्याला दोन वर्षं झाली. जमीन एक एकर आणि वर काही गुंठे, सातबाऱ्यावर दादा, ताई आणि मी. कसतो दादा. मुलींना वडिलोपार्जितात मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ ला दिला, देशभर २००५ ला झाला, पण आमच्याकडे त्याच्या पुढची रीत पण ठरलेली आहे, की बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची, साडी घ्यायची आणि माहेर चालू ठेवायचं. ताईने कधीच करून टाकली. माझी राहिली होती, आज करू उद्या करू. नको आहे असं नाही, हवी आहे असंही नाही. मी काय तिथे जाऊन भुईमूग लावणारे? पण विहिरीवरचा आंबा आहे एक, त्याच्या बुंध्याला मी खिळ्याने कोरलेलं नाव होतं, आता ते साल वाढून वाढून कुणाला वाचता येत नाही, मला येतं.

तर प्लास्टरच्या चौथ्या आठवड्यात दादाचा मेसेज आला. गुरुवारी ये, वकिलाची वेळ घेतलीय, गाडी पाठवतो. खाली अजून एक ओळ. 'हाताचं टेन्शन घेऊ नको. अंगठा दिला तरी चालतो, मी विचारलंय.'

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्याने खरंच चौकशी केली असणार, बहिणीला त्रास नको म्हणून. पण मी तो मेसेज डाव्या हातात धरून किती वेळ बसले होते मलाच माहीत नाही. ३० वर्षं मी पोरांच्या बोटात पेन्सिल धरवतेय. साक्षरता अभियानात रात्रीच्या वर्गाला जाऊन म्हाताऱ्या बायांना सही शिकवलेली आहे, एकीने स्वतःचं नाव लिहून झाल्यावर पाटी पुसायला नकार दिला होता, तशीच घरी घेऊन गेली. आणि आता माझा अंगठा चालतो.

यांना काही बोलले नाही. दुपारी घरात कोणी नव्हतं, तेव्हा फोन घेतला आणि बाईला म्हटलं, दादाला मेसेज पाठव. ती म्हणाली, काय पाठवू? मी श्वास भरून घेतला. नेहमीची बुडी. आणि बोलत गेले. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की प्लास्टर निघाल्यावर बघू. पण न थांबता बोलायची सवय झालेली, आणि पुढचं वाक्य मागच्याला चिकटूनच आलं, कुकरसारखं नाही, मांजरासारखं नाही, आतलं आलं.

ती म्हणाली, तुमचा मेसेज असा आहे. आणि वाचायला लागली.

'दादा गुरुवारी नको हात प्लास्टरमध्ये आहे सही येणार नाही आणि अंगठा मी देणार नाही बाबांनी मला शाळेत घातलं ते अंगठा द्यायला नाही आणि खरं सांगू का मनातच नाही रे माझ्या हे नको लिहूस'

शेवटचे तीन शब्द पण वाचले तिने, त्याच सुरात. हे नको लिहूस. ते मी कुणाला म्हटलं होतं? खोलीत तर कोणीच नव्हतं.

मध्यंतरी, २०१९ साली, पेपरात आलं होतं की फोनशी बोललेलं थोडंफार कंपन्यांची कंत्राटी माणसं ऐकायची, फोनला नीट समजतंय का ते तपासायला. तेव्हा आपण सगळ्यांनी अरे बापरे केलं आणि विसरलो. मला त्या दुपारी मात्र उलटंच वाटलं, की असावं कुणीतरी तिकडे कानाला लावून बसलेलं, टोपण चावत, ज्याला कळेल की या बाईने हे शेवटचं म्हटलंय ते लिहायचं की नाही लिहायचं. कळलं नाही तर निदान मान वर करून बघेल तरी.

ती विचारत होती, पाठवू का बदलू?

मी थांबले. थांबले की टुंग वाजून बंद होतं, म्हणजे आपोआप सुटका होती. त्या दिवशी बंद नाही झालं, ती परत विचारायला लागली, पाठवू का बदलू.

"वाच बरं परत," मी म्हटलं.

तिने वाचलं.

"पाठव."

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर संध्याकाळी. दादा कधी लिहून पाठवत नाही लांबचं, बोलून पाठवतो, १४ सेकंदांचं होतं. पहिले नऊ-दहा सेकंद नुसता ट्रॅक्टर, चालू ठेवलेला, मधे कुणीतरी लांबून हाक मारली त्याला, तो काही बोलला नाही. मग ट्रॅक्टर बंद झाल्याचा आवाज. मग म्हणाला, "बरं." आणि जरा थांबून, "हात सांभाळ गं."